पूजेने झिजणारा पाषाण

गोदावरीला पूर आला म्हणजे नाशिककर सरकारी आकड्यांच्या आधी दुतोंड्या मारुतीकडे पाहतो. पाणी मारुतीच्या गुडघ्यांना लागले की कमरेला, छातीशी आले की गळ्याशी, यावरून नदीकाठच्या जुन्या पेठांतील दुकानदार माल हलवायचा की नाही ते ठरवतात. आणि पूर ओसरल्यावर त्याच मारुतीपुढे नारळ फुटतो, तेलाची धार पडते. नाशिक क्षेत्रातील पाषाणाचा हा स्वभावच म्हटला पाहिजे, की तो पाहण्यासाठी नुसता उभा नसतो. त्याच्याकडून काही काम घेतले जाते, त्याला काही वाहिले जाते, आणि वर्षानुवर्षे चाललेल्या या देवघेवीत तो अणुमात्र का होईना, दररोज बदलत असतो.

संग्रहालयात आलेली मूर्ती ही एका अर्थी पेन्शनीत निघालेली असते. तिच्या वाट्याला मोजका प्रकाश, मोजकी हवा आणि हात न लावणारे प्रेक्षक येतात. तिचा वैरी एकटा काळ, आणि त्याच्याशी कसे वागावे याचे शास्त्र गेल्या दीड-दोनशे वर्षांत पुष्कळ तयार झाले आहे. देवळातील मूर्तीचे प्रकरण याहून कितीतरी अवघड आहे. कारण तिची झीज मुख्यत्वे होते ती तिच्यावर प्रेम करणाऱ्यांच्या हातून, आणि त्या प्रेमाला मज्जाव करावा तर ज्या कारणासाठी मूर्ती जतन करायची ते कारणच नाहीसे होण्याचा संभव असतो. या प्रकरणात आपण विचार करणार आहोत तो या दुसऱ्या प्रकारच्या जतनाचा. आणि त्याची उदाहरणे धुंडाळायला नाशिक जिल्ह्याबाहेर फारसे जावे लागत नाही.

आधी दगडाविषयी थोडे. आपला काळा पाषाण म्हणजे कणखरपणाची पराकाष्ठा, अशी समजूत आपल्या अंगवळणी पडली आहे, आणि ती अर्धी खरीही आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वाहून आलेल्या लाव्ह्याचे थरांवर थर बसून सह्याद्री उभा राहिला. परंतु हे सर्व थर एका जातीचे नाहीत. काही घट्ट, एकसंध आणि छिन्नीला दाद न देणारे आहेत. तर काहींत लाव्हा निवताना वायूचे बुडबुडे अडकून राहिले आणि त्या पोकळ्यांत पुढे झिओलाइट वर्गातील खनिजांचे पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक जमले. नाशिक परिसरातील खाणींतून निघणारे असे स्फटिक जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. मूर्तीच्या दृष्टीने मात्र ही शोभा घातक आहे. कारण या खनिजांत पाणी शिरते आणि उष्णतेने बाहेर पडते, शिवाय अशा दगडातील काही घटक कालांतराने चिकणमातीत रूपांतरित होतात आणि ओलाव्याने फुगून आजूबाजूचा दगड आतून उकलतात. त्रिरश्मी डोंगरावरील पांडवलेण्यांत गौतमी बलश्रीचा शिलालेख आज एकोणीसशे वर्षांच्या आसपास होऊनही वाचता येतो, याचे श्रेय त्या थरातील दगडाला आहेच. परंतु अक्षरांना कोणी दुधाने न्हाऊ घातले नाही, हेही त्यामागचे एक कारण असावे.

दूध, दही, तूप, मध आणि साखर या पाच पदार्थांत उपासकाला अमृत दिसते. रसायनज्ञाला मात्र त्यांत आम्ल, स्निग्धांश आणि शर्करा दिसतात, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. दह्यातील लॅक्टिक आम्ल सौम्य खरे, पण ते दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत रोज थोडे थोडे शिरते आणि नुसत्या पाण्याने पुरते निघत नाही. तुपाचा अंश पृष्ठभागावर चिकटतो, त्यावर धूप-दीपांची काजळी बसते. साखर आणि मध यांच्या आश्रयाने बुरशी व जिवाणू वाढतात, आणि त्यांच्यापासून पुन्हा आम्लेच तयार होतात. मग हे सारे निघावे म्हणून पुजारी मूर्ती घासतो. कधी लिंबाने, कधी भस्माने, कधी नुसत्या पंच्याने. एका दिवसाच्या घर्षणाने काहीही होत नाही. तीनशे वर्षांच्या घर्षणाने नाक सपाट होते, बोटे एकमेकांत मिसळतात, आणि अलंकारांच्या जागी केवळ उंचवटे उरतात.

त्र्यंबकेश्वराचे उदाहरण या बाबतीत सर्वांत नाजूक आहे. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली काम काढलेले आणि पुढे तीन दशकांनी पुरे झालेले ते काळ्या पाषाणाचे देऊळ वास्तू म्हणून भक्कम आहे. परंतु गाभाऱ्यातील ज्योतिर्लिंग इतर शिवलिंगांसारखे वर उचललेले नाही. शाळुंकेच्या मध्यभागी खळगा असून त्यात अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत, ब्रह्मा, विष्णू आणि महेश यांची म्हणून मानलेली, आणि तो खळगा सदैव ओला असतो. भव्य मूर्तीचा एखादा सूतभर भाग गेला तर तो डोळ्यांना जाणवत नाही. अंगठ्याएवढ्या लिंगाचा तेवढाच भाग जाणे ही फार मोठी हानी होय. जानेवारी २०२३ मध्ये, ५ पासून १२ तारखेपर्यंत, हे मंदिर भाविकांना बंद ठेवून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने तेथे संवर्धनाचे काम केले. आठ दिवस दर्शन बंद ठेवण्याचा हुकूम निघणे ही त्र्यंबकसारख्या क्षेत्रात सामान्य गोष्ट नव्हे; एवढ्यावरूनच झिजेचे गांभीर्य लक्षात यावे.

अशा कामाला आपल्याकडे सरसकट वज्रलेप म्हणतात. ही कल्पना सहाव्या शतकाइतकी तरी जुनी आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपावर स्वतंत्र अध्यायच असून, कच्ची टेंभुर्णी, कच्चे कवठ, सावरीची फुले, साळईचे बी, वेखंड इत्यादी द्रव्ये एक द्रोण पाण्यात उकळून अष्टमांश उरवावीत आणि त्यात गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस, बेलफळ यांचा कल्क मिसळून तो लेप तापलेला असतानाच प्रासादाला, मूर्तीला, भिंतीला द्यावा, असे त्यात सांगितले आहे. तो लेप कोटी वर्षे टिकेल या आश्वासनातील अतिशयोक्ती सोडून दिली, तरी कृती निर्बुद्ध नाही: वनस्पतीजन्य डिंक, राळ आणि सुकणारे तेल यांचे ते मिश्रण पृष्ठभागाची छिद्रे बुजवून पाणी आत जाऊ देणार नाही, हे खरे.

परंतु पाणी आत जाऊ न देणारा लेप आतले पाणीही बाहेर येऊ देत नाही, आणि आधुनिक संवर्धकाची सारी चिंता येथून सुरू होते. जमिनीतून चढलेला ओलावा क्षार घेऊन येतो; वाट बंद झाली की तो लेपाच्या आड साचतो, क्षारांचे स्फटिक होतात, आणि एके दिवशी लेपासकट दगडाची खपली निघते. म्हणून अलीकडे दगडाला बाहेरून झाकण्यापेक्षा आतून बांधण्याकडे कल आहे. एथिल सिलिकेट नावाचे पातळ द्रव्य दगडात मुरते, हवेतील व दगडातील ओलाव्याशी संयोग पावून सिलिका मागे ठेवते आणि त्यातील अल्कोहोल उडून जाते. सुटू लागलेले कण सांधले जातात, छिद्रे मात्र बव्हंशी उघडीच राहतात. हेही द्रव्य एकदा मुरले की परत काढता येत नाही, हा त्यातील दोष, आणि तो लहान नाही.

कारण केलेले काम पुढच्या पिढीला उलटवता यावे, हा या विद्येतील धडा फार महागात शिकलेला आहे. निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांसाठी चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोन इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. त्यांनी सुटलेला गिलावा भिंतीला पुन्हा चिकटवला, हे त्यांचे उपकार. आणि रंग उजळ दिसावेत म्हणून चित्रांवर लाखेचे रोगण फासले, तो मात्र पुढे उपद्रव ठरला. ते रोगण काळाबरोबर पिवळे, मग तपकिरी होत गेले आणि त्याखाली बोधिसत्त्वांची कांती मावळली. ते उतरवण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनशाखेची कित्येक वर्षे गेली.

आता वणीच्या गडाकडे वळू; कारण जतनाचे सारे पेच एकाच मूर्तीत एकवटलेले पाहायचे असतील तर सप्तशृंगीसारखे दुसरे स्थान नाही. कळवण तालुक्यातील या गडावर, उभ्या कड्याच्या पोटात कोरलेली देवीची मूर्ती सुमारे आठ फूट उंच असून तिला अठरा भुजा आहेत. देवीची मान किंचित कललेली आहे, ती समोरच्या डोंगरावरून मार्कंडेय ऋषी सांगत असलेले माहात्म्य ऐकण्यासाठी, असे भाविक सांगतात. हिला पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढत आला. आजच्यावर उद्याचा, या नवरात्रावर पुढच्या चैत्रोत्सवाचा, असे लेप साचत साचत मूर्तीभोवती एक जाड कवच तयार झाले. आणि आपण व आपल्या आज्यापणज्यांनी देवीचे जे रूप पाहिले ते वस्तुतः त्या कवचाचे रूप होते.

शेंदूर हा पदार्थ जरा जवळून पाहण्यासारखा आहे. खरा शेंदूर म्हणजे शिश्याचे एक ऑक्साइड. ते पाण्याच्या आठपटींहून जड असते, तर आपला काळा दगड जेमतेम तिप्पट. बाजारात शेंदूर म्हणून मिळणारी पूड नेहमी शिश्याचीच असते असे नाही, पण जी असते ती तेलात कालवली म्हणजे तेलातील स्निग्धाम्लांशी तिचा संयोग होतो, शिश्याचा एक प्रकारचा साबण बनतो, आणि लेप हळूहळू कठीण होत जातो. लोखंडी पूल आणि जहाजे गंजू नयेत म्हणून याच शेंदराचा रंग पाश्चात्त्य देशांत दीर्घकाळ वापरला गेला. तेव्हा शेंदूर मूर्तीचा निव्वळ शत्रू आहे असे म्हणता येणार नाही. धूर, पाणी, नारळाचा मार आणि भाविकांचे हात यांपासून त्याने कितीतरी शिल्पे झाकून ठेवली, आणि खोळ निखळल्यावर आतून आश्चर्यकारक रेखीव मूर्ती निघाल्याच्या हकिकती महाराष्ट्रात गावोगाव सांगतात. देवाने खोळ टाकली, असे त्याला म्हणतात, आणि ती शुभाशुभाची मोठी घटना मानली जाते. पण खोळ वाढत गेली की तिचा भार वाढतो, तिच्या आणि दगडाच्या मध्ये ओलावा कोंडतो, आणि ती आपण होऊन निखळताना दगडाचा पृष्ठभागही सोबत घेऊन जाण्याचा धोका असतो.

सप्तशृंगीच्या बाबतीत देवस्थानाच्या विश्वस्तांनी ती वेळ येईपर्यंत वाट पाहिली नाही. तज्ज्ञांची मते घेऊन, धर्मशास्त्राच्या जाणकारांना विचारून, २१ जुलै २०२२ पासून सुमारे दीड महिना मंदिर दर्शनासाठी बंद ठेवण्यात आले, आणि कवच उतरवण्याचे काम झाले. निघालेला शेंदूर हजार किलोंहून अधिक भरला. त्याच वर्षीच्या घटस्थापनेला, २६ सप्टेंबरला, भाविकांपुढे जी देवी आली ती पूर्वीपेक्षा सडपातळ होती, तिच्या हातांतील आयुधे वेगवेगळी ओळखू येत होती, मुद्रेतील रेषा स्पष्ट होत्या. शिल्पाच्या अभ्यासकाला यात निखळ आनंद. पण साठ-सत्तर वर्षे एकच मुख डोळ्यांपुढे आणून हात जोडणाऱ्या वृद्धेला ते रूप क्षणभर परके वाटले असेल, तर तो तिचा अडाणीपणा म्हणता यायचा नाही.

खरा प्रश्न तिने न विचारता विचारलेला आहे: मूळ मूर्ती कोणती? १९६४ साली व्हेनिस येथे जगातील वास्तुतज्ज्ञांनी मिळून जी सनद तयार केली तिच्यात या प्रश्नाला दिलेले उत्तर आपल्याकडे फारच थोड्यांनी मनावर घेतले आहे. स्मारकावर प्रत्येक काळाने घातलेली भर आदरास पात्र आहे. वरचा थर काढून खालचा उघडा करणे क्षम्य ठरते ते तेव्हाच, जेव्हा काढायचे ते गौण असेल, जे उघडे होणार ते अत्यंत मोलाचे असेल आणि सुस्थितीत असेल. आणि याचा निर्णय केवळ काम करणाऱ्या माणसावर सोपवू नये, असा तिचा आशय आहे. सप्तशृंगीच्या शेंदराला या कसोटीवर लावले तर माझे मत कवच काढण्याच्या बाजूने पडते, कारण तेथे मूर्तीच्याच अस्तित्वाचा प्रश्न होता. परंतु तो शेंदूर म्हणजे मळ होता, असे मी म्हणणार नाही. थरांवर थर अशी त्याची रचना हा पूजेचा एक दस्तऐवज होता. कोणत्या काळी कोणते तेल, कोणती पूड, किती अंतराने लेप, हे सारे त्याच्या आडव्या छेदात सूक्ष्मदर्शकाखाली वाचता येण्यासारखे असते. अशी कामे यापुढे जेथे जेथे निघतील, आणि ती निघणारच आहेत, तेथे एक हातभर तुकडा तरी जसाच्या तसा, नोंदीसह, दफ्तरात ठेवावा. देवळाचे दागिने मोजून तिजोरीत ठेवणारे आपण, एवढे करायला असमर्थ नाही.

पंढरपूर आणि कोल्हापूर येथील हकिकत यापेक्षा अधिक वादाची झाली. पांडुरंगाच्या चरणांची झीज प्रत्यक्ष स्पर्शदर्शनाने होते, म्हणून त्या मूर्तीवर वेळोवेळी लेप द्यावा लागला. जून २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे देऊळ बंदच असताना, तो पुन्हा दिला गेला. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर १९५५ च्या सुमारास वज्रलेप झाला, आणि २०१५ साली पुरातत्त्व खात्याने रासायनिक प्रक्रिया केली तेव्हा मस्तकावरील नागमुद्रा घडवली गेली नाही म्हणून भाविकांनी हरकत घेतली. हरकत गैरलागू नव्हती. लेप हा केवळ औषधोपचार नसतो. लेप देणारा माणूस झिजलेल्या जागी नाक, ओठ, भुवई घडवू लागला की तो नकळत शिल्पकार होतो, आणि त्याने घडवलेले मुख मग लाखो लोकांचे दैवत ठरते. जे झिजले ते सांधावे, जे गेले ते अंदाजाने घडवू नये, हा नियम संग्रहालयात निर्विवाद आहे. देवळात मात्र खंडित मूर्ती पूजेला चालत नाही, हा दुसरा नियम त्याच्यापुढे उभा राहतो, आणि दोन्ही नियम एकाच वेळी पाळता येत नाहीत.

यावर लेपाहून चांगला उपाय आपल्याच आगमांनी कधीचा सांगून ठेवला आहे. वैखानस परंपरेत एकाच देवतेच्या पाच मूर्ती कल्पिल्या आहेत: गाभाऱ्यात अचल राहणारी ध्रुवमूर्ती, नित्यपूजेची, स्नानाची, उत्सवाची आणि बलीची. स्नान, मिरवणूक, स्पर्श हे सर्व उपचार धातूच्या लहान मूर्तींनी सोसायचे आणि ध्रुवमूर्तीने केवळ दर्शन द्यायचे, ही व्यवस्था लावताना आगमकारांच्या मनात पाषाणाची झीज होती की नाही, हे कोणी सांगावे. पण परिणाम तोच होतो. अंबाबाईचा अभिषेक मूळ मूर्तीऐवजी उत्सवमूर्तीवर होऊ लागला तो याच न्यायाने. त्र्यंबकेश्वरीही दर सोमवारी पालखीतून कुशावर्तावर नेऊन ज्याला स्नान घालतात तो पंचमुखी मुखवटाच असतो. म्हणजे वहिवाट आहे. तिचा विस्तार मात्र करायला हवा. अभिषेक तसाच चालू ठेवून दर दहा-पंधरा वर्षांनी वज्रलेप देत राहणे म्हणजे झीज थांबवणे नव्हे, झिजेचे हप्ते बांधून घेणे होय. आणि प्रत्येक लेपासोबत मूळ पृष्ठभाग थोडा अधिक दूर जातो.

वास्तूंच्या बाबतीत हा पेच इतका तीव्र नसतो. सर जॉन मार्शल यांनी १९२३ साली पुरातत्त्व खात्याच्या अधिकाऱ्यांसाठी जी मार्गदर्शिका सिद्ध केली तिच्यात, नवे घडवण्यापेक्षा जुने राखावे हे तत्त्व ठामपणे सांगूनही, ज्या वास्तू अद्याप मूळच्याच उपयोगात आहेत त्यांत थोडे अधिक घडवावे लागेल, अशी सवलत दिली आहे. नाशिकला अहिल्याबाई होळकर पुलाजवळचे सुंदरनारायण मंदिर, सरदार गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी १७५६ साली बांधलेले, हे या सवलतीचे चालते उदाहरण. राज्य पुरातत्त्व खात्याने त्याचे शिखर उतरवताना दगडांवर क्रमांक घातले, जेणेकरून चांगला दगड आपल्याच जागी परत बसावा आणि झिजलेल्याच्या जागी तेवढाच नवा घडवावा. अशा कामात सिमेंट वर्ज्य असते; ते कठीण, ओलावा कोंडणारे आणि क्षार सोडणारे असल्याने सांधा टिकतो व दगड फुटतो. चुना घाणीत दळून, भिजत ठेवून, त्यात गूळ, बेलफळ, उडीद, ताग अशी पारंपरिक द्रव्ये घालून केलेला सांधा मात्र दगडाआधी स्वतः झिजतो, आणि झिजलेला सांधा पुन्हा भरता येतो.

परंतु एवढे मोठे काम काढण्याची पाळी बहुधा लहान कामे न केल्यामुळे येते. शिखराच्या भेगेत रुजलेले पिंपळाचे रोप बोटभर असताना उपटायला एक माणूस आणि एक शिडी पुरते. तेच दहा वर्षांनी काढायला दगड उतरवावे लागतात. गाभाऱ्यातील पाण्याची मोरी मोकळी ठेवणे, अभिषेकानंतर मूर्ती मऊ कापडाने टिपून कोरडी करणे, छतावरचे गवत पावसाळ्यापूर्वी काढणे, यांना खर्च नगण्य लागतो. पण सोन्याच्या कळसाला जसा दाता मिळतो तसा मोरी साफ करायला मिळत नाही, कारण मोरीवर नावाची पाटी लावता येत नाही. दानाचा असा कायमस्वरूपी, अनाकर्षक प्रकार आपल्याला अपरिचित आहे अशातला भाग नाही. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंच्या चीवरादी खर्चासाठी केलेली तजवीज कोरलेली आहे: तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून दिले, दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि उरलेल्या हजारावर पाऊण असे व्याज ठरवले, मुद्दल कधीही परत घ्यायचे नाही, केवळ व्याज खर्चायचे असे बंधन घातले, आणि हा सारा तपशील निगमसभेत वाचून दाखवून दफ्तरी नोंदवला.